हेमराजभाऊ कॅमेरा घेतात

हेमराजभाऊंनी कॅमेरा घ्यायला नऊ महिने लावले. एवढ्या अवधीत लाखनीत मोबाइलची दोन नवी दुकानं उघडली आणि त्यातलं एक बंदही पडलं. ज्या जोडप्याच्या लग्नाचा अल्बम आम्ही उन्हाळ्यात पोचवला होता, त्यांच्याकडे बारशाची तयारी सुरू झाली. धान रोवून झालं, कापून झालं, मळून झालं. भाऊ मात्र होते तिथंच होते. नवा मिररलेस घ्यावा, की कुणीतरी वापरलेला जुना डीएसएलआर घ्यावा. सकाळी चहाच्या वेळी नवा पक्का व्हायचा. दुपारी जेवून आले की जुना. आणि संध्याकाळी स्टुडिओचं शटर ओढताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "विलास, घाई कायची आहे?"

घाई मला होती. अकरा वर्षं आम्ही जोडीनं लग्नं करत होतो. फोटो त्यांचे, व्हिडिओ माझा. लोक ऑर्डर द्यायचे ती दोघांना मिळून. त्यांचं अडलं की माझंही अडायचं. पण हे त्यांना सांगून उपयोग नसायचा. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, "बरोबर आहे तुहं" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. आपलं बरोबर आहे असं म्हणणाऱ्याचं काय करायचं?

त्यांचा स्टुडिओ महामार्गाच्या कडेला, शेतीच्या औषधांचं दुकान आणि टायरचं दुकान यांच्या मधोमध. जड ट्रक गेला की दर्शनी काचेतले फोटो हलायचे. दिवसभरात नवरानवरी, रांगणारी बाळं, पदवीचे काळे झगे घातलेल्या मुली, सगळे थोडे थोडे तिरके होऊन जायचे. रोज सकाळी भाऊ ते एकेक करून सरळ करत. मागून चिकटपट्टी लावा म्हटलं तर म्हणायचे, "मंग सकाळी मले काम काय राहीन?"

उंच, सडपातळ माणूस. पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात मऊ कापडाचा एक चौकोन, सुनंदावहिनींच्या जुन्या सुती पातळातून कापलेला. त्याच्याशिवाय दुसऱ्या कशानं त्यांनी लेन्स पुसलेली मी पाहिली नाही. रोलच्या जमान्यात शिकलेले असल्यामुळे एकेक फोटो मोजून काढायचे. एका लग्नात नवी मुलं चार हजार फोटो काढतात, भाऊ पाचशेवर जात नसत. आणि कुठलीही वस्तू विकत घ्यायची तर त्यांना ती आधी ओळखीची व्हावी लागायची. एकदा चप्पल घ्यायला त्यांनी तीन बाजार लावले. पहिल्या बाजारात चप्पल पाहिली, दुसऱ्यात घालून दुकानातल्या दुकानात फिरले, तिसऱ्यात दुकानदारानंच हात जोडले आणि म्हणाला, "हेमराजभाऊ, घेऊन जा, आवडली नाही त वापस आना." ती त्यांनी सहा वर्षं वापरली, हेही खरं आहे.

फोटो काढतानाही तेच. ग्रुप फोटोसाठी माणसं उभी राहिली की ते कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी विचारत, "कोन राहिलं?" हे नुसतं विचारण्यापुरतं नसायचं. कुणी राहिलेलं असलं तर ते खरोखर थांबत.

सिहोऱ्याच्या एका लग्नात तर त्यांनी मला रडकुंडीला आणलं. ऊन उतरत होतं, वऱ्हाडाची गाडी चालू होऊन उभी होती, मांडवाच्या तोंडाशी मुलीकडची पंचवीस माणसं ओळीनं उभी. भाऊंनी विचारलं, कोन राहिलं? एक लहान मुलगी म्हणाली, मोठी आत्या. आत्या विधवा होती आणि सकाळपासून स्वयंपाकाकडे होती. निरोप गेला. आतून उत्तर आलं, "मी कायले येऊ फोटोत? काढून घ्या म्हणा."

भाऊंनी खुर्चीवर बसून घेतलं आणि कॅमेरा मांडीवर ठेवला. "आत्याबाई येतीन, मंग काढू."

मुलीचा बाप म्हणाला, तिची काही नाराजी नाही, काढा तुम्ही. मुलाकडचे दोघंतिघं येऊन घड्याळ दाखवून गेले. मी भाऊंच्या कानाशी जाऊन सांगितलं की उजेड चालला आहे. "जाऊ दे," ते म्हणाले. "उजेड उद्याही येते." शेवटी नवरीच उठली, शालू सावरत आत गेली आणि आत्याला हाताला धरून घेऊन आली. बाई पदराला हात पुसत ओळीच्या टोकाला उभी राहायला लागली. भाऊ म्हणाले, "तिथं नाही बाई. पोरीजवळ." तोवर सूर्य झाडांमागे गेला होता आणि फोटो जरासा दाणेदार आला. मी परतताना गाडीवर मागे बसून त्यांना ते ऐकवलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुहं."

महिन्याभरानं त्या घरचे लोक मोठ्या प्रती करायला आले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तोच फोटो निवडला. यावरून भाऊंनी मला काही ऐकवलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

तर असा माणूस आणि त्याचा कॅमेरा मेला. शहापूरला साखरपुडा होता. अंगठी बोटात जाते आहे, भाऊंनी बटण दाबलं, आणि आतला आरसा वर गेला तो वरच अडकला. भाऊंनी कॅमेरा हलवला, बॅटरी काढून घातली, कानाशी धरला. मग मुलाला म्हणाले, "बाबू, अंगठी जरा तशीच ठेव." तो बिचारा नवऱ्या मुलीचं बोट धरून पाच मिनिटं उभा. शेवटी मी माझ्या व्हिडिओतून चित्रं काढून देतो म्हटलं आणि वेळ निभावली. दुरुस्तीवाल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की याच्यात आता जीव नाही, नवा घ्या.

तिथून ते नऊ महिने सुरू झाले.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पद्धतीच्या डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो. भिंगातून आलेला खराखुरा उजेड त्यावरून वळून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो, आणि बटण दाबलं की आरसा उचलला जातो, खटाक आवाज होतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. डोळा लावतो तिथं आत टीव्हीसारखा एक बारीक पडदा असतो. फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, अंधारातही उजळ दिसतं, माणसाचा डोळा तो स्वतःच शोधून धरतो. सगळं जग तिकडे चाललं होतं. त्याच वेळी तुमसरचे एक जुने फोटोग्राफर धंदा बंद करून मुलाकडे राहायला जाणार होते आणि त्यांचा डीएसएलआर विकायचा होता. उत्तम राखलेला, वरच्या दर्जाचा, आणि भाऊंच्या जवळच्या सगळ्या लेन्स त्याला बसणाऱ्या. दोन्हीकडचा हिशेब साधारण सारखाच पडत होता. म्हणजे निवड करायची ती नुसत्या मनानं, आणि तेच भाऊंना जमत नव्हतं.

मी त्यांना नागपूरला मोठ्या दुकानात घेऊन गेलो. अकराला पोचलो. विकणारा मुलगा हसतमुख होता. त्यानं नवा मिररलेस त्यांच्या हातात दिला. भाऊंनी खिशातून कापड काढून आधी तो पुसला. मग डोळ्याला लावला आणि काही न बोलता दुकानातून बाहेर निघाले. मुलगा मागे धावला. भाऊ दारात थांबून वॉचमनकडे पाहत होते. वॉचमन ताठ उभा राहिला. भाऊंनी बटण दाबलं. वॉचमन तसाच ताठ.

"झाला दादा फोटो," भाऊ म्हणाले.

"कधी?" वॉचमननं विचारलं.

भाऊ माझ्याकडे वळले. "पाहिलं? याले समजलंच नाही."

मुलानं समजावलं की आवाज बंद करून ठेवला आहे, चालू करता येतो. करून दाखवला. भाऊंनी दहा-बारा वेळा ऐकला आणि म्हणाले, "हा त शिंक दाबल्यासारखा आहे." मग त्यांनी त्या मुलाला स्टुलावर बसवून आपलं म्हणणं सांगितलं. आमच्याकडची माणसं कॅमेऱ्यासमोर श्वास धरून बसतात. खटाक वाजलं की त्यांना वाटतं, सुटलो. खांदे खाली येतात, चेहरा आपला होतो. त्याच वेळी भाऊ दुसरा फोटो घेत. "पहिला फोटो लोकायचा, दुसरा माहा," ते म्हणाले. "आता खटाकच नाही त लोकं सुटतीन कधी?"

मुलाला हे पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानं मान हलवली. आम्ही दोन वाजता निघालो. तोवर भाऊंनी तो कॅमेरा खिडकीशी नेला, कपाटामागच्या अंधारात नेला, डाव्या डोळ्याला लावला, उजव्या डोळ्याला लावला, पुन्हा डाव्या. मुलाचं हसू बाराच्या सुमारासच गेलं होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग?"

"चांगला आहे."

"घ्यायचा?"

"एकदा तुमसरचाही पाहून घेऊ."

तुमसरच्या काकांनी आम्हाला जेवायला बसवलं. कॅमेरा देवाच्या कोनाड्यातून काढावा तसा कपाटातून काढला, पट्टासुद्धा धुऊन ठेवलेला. भाऊंनी बटण दाबलं, खटाक झालं, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान आलं की मला वाटलं, संपलं एकदाचं. मी मनातल्या मनात परतीच्या वाटेला लागलो. दोघं म्हातारे मग अंगणात जाऊन तुळशीचे, सायकलीचे, एकमेकांचे फोटो काढत बसले. तासाभरानं भाऊंनी कॅमेरा पुसून त्यांच्या हातात परत दिला.

"सोन्यासारखा ठेवला तुम्ही," ते म्हणाले. "मी कळवतो."

पुढे दोन महिने ते काका फोन मला करायचे, भाऊंना नाही. "ते घेऊन राहिले का नाही, एवढं विचारून सांगता का? दुसरं गिऱ्हाईक आलं आहे. पण हेमराजजींच्या हातात गेला असता त मले बरं वाटलं असतं." मी विचारायचो. भाऊ म्हणायचे, थांबायला सांग. काका थांबायचे. असल्या चांगल्या माणसाला ताटकळत ठेवायचा मला इतका संकोच व्हायला लागला की मी फोन उचलेनासा झालो.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं आणि खऱ्या लग्नांना सुरुवात झाली. भाऊ साकोलीच्या एका ओळखीच्याकडून कॅमेरा मागून आणायचे, काम झालं की परत करायचे. तो कॅमेरा त्यांच्या हाताला बसत नव्हता. असं मी समजत होतो. मांडवात ते खुर्च्यांना अडखळायला लागले होते, एकदा तर हार घेऊन येणाऱ्या बाईला उजव्या बाजूनं धडकले. मी समजत होतो की त्यांचं लक्ष नाही, डोक्यात सारखं नवा-जुना चाललेलं.

मग तो अल्बम परत आला. लाखनीजवळच्याच खेड्यातलं लग्न होतं. मुलाचे वडील अल्बम बगलेत धरून स्टुडिओत आले, काचेच्या टेबलावर उघडून ठेवला आणि एका फोटोवर बोट टेकवलं. घरातल्या सगळ्यांचा फोटो. उजव्या टोकाला एक काठी दिसत होती, काठीवर धरलेला हात दिसत होता. हाताच्या पुढचा माणूस फोटोत नव्हता.

"हे माहे बाबूजी," ते गृहस्थ म्हणाले. "लगीन झालं आणि पंधरा दिवसानं गेले. हाच एक फोटो होता सगळ्यायसोबत."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. भाऊंनी फोटो हातात घेतला, डोळ्याशी नेला, खूप वेळ पाहिला. मी माझ्या व्हिडिओतून म्हाताऱ्याचं चित्र काढून मोठं करून देतो असं कबूल केलं आणि त्यांना वाटेला लावलं. मग परत आलो आणि जे नऊ महिने साठलं होतं ते बोललो. मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं अशीच कामं होणार, हे बोललो. पोरंटोरं ड्रोन उडवतात आणि आपण अजून चप्पल घालून दुकानात फिरतो आहोत, हे बोललो. तुमसरच्या काकांचं बोललो. शेवटी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला घ्यायचा नसेल तर सांगा. मी माझं वेगळं पाहतो."

त्यांनी "बरोबर आहे तुहं" म्हटलं नाही. अल्बम बंद केला आणि म्हणाले, "पाह्य मंग."

दोन दिवस मी स्टुडिओकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. माझ्याकडे स्टुडिओची एक किल्ली असायची, ती द्यायची म्हणून. मनातून मला वाटत होतं की ते ती घेणार नाहीत.

भाऊ ओसरीवर खाटेवर उताणे पडले होते आणि सुनंदावहिनी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होत्या. एक थेंब उजव्या डोळ्यात, एक डाव्या. मला पाहून वहिनींनी बाटली लपवली नाही. उलट मला दिसेल अशी खाटेच्या कडेवर ठेवली.

"या विलासभाऊ, बसा," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच इचारा यायले. मी इचारून थकली."

"काय झालं डोळ्याला?" मी विचारलं.

भाऊ डोळे मिटून पडले होते. औषध मुरेपर्यंत उघडायचे नव्हते. तसेच पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं. काचबिंदू. शहापूरच्या साखरपुड्याच्या आधीपासून. उजव्या डोळ्याला समोरचं दिसायचं, कडेचं नाही, जसं नळीतून पाहावं. गेलेली नजर परत येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डावा डोळा पुष्कळ बरा होता, पण सुरुवात त्यातही होती. थेंब घालत राहायचे. टिकला तर वर्षानुवर्षं टिकेल. नाही टिकला तर सांगता येत नाही.

"मले का नाही सांगितलं?"

"तू वेगळं पाहिलं असतं," ते म्हणाले.

मला इतका राग आला की किल्ली हातातच राहिली. अकरा वर्षांत ह्या माणसानं माझ्याबद्दल एवढंच जाणलं होतं का? आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की परवा मी नेमकं तेच म्हणून आलो होतो.

ते उठून बसले. पापण्या ओल्या होत्या, औषधानं. "आता आयक," म्हणाले. "नवा घ्याचा म्हणजे आठ-दहा वर्षांचं मनात धरून घ्याचा. नव्या लेन्सा, नवं शिकनं. आणि डोळ्यानं दोन वर्षांत हात वर केले त? मंग तो कॅमेरा कपाटात पडून माह्याकडे पाहत बसन. जुना घेतला, त मी स्वतःच कबूल केलं न, का आपलं आता थोडंच राहिलं. सकाळी वाटते नवा घ्यावा. दुपारी वाटते कायले."

नऊ महिने मी ज्याला चेंगटपणा समजत होतो तो हा होता. नागपूरच्या दुकानात डावा डोळा, उजवा डोळा, पुन्हा डावा. मी शेजारीच उभा होतो आणि मोबाइलमध्ये वेळ पाहत होतो.

"त्या म्हाताऱ्याले मी पाहिलंच नाही रे," ते म्हणाले. "इचारलं होतं कोन राहिलं. सगळे म्हनले कोनी नाही."

मी किल्ली परत खिशात घातली. बोलल्या त्या वहिनी. त्या रोज शाळेत पोषण आहार शिजवायला जात आणि त्यांची निघायची वेळ झाली होती. बाटलीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "मी सांगू? माह्यापाशी भाजी चिरायची विळी आहे. बोथट झाली का मी धार लावून आनतो. आपून किती वर्षं चिरू हे पाहून लावत नाही. जितके दिवस काम कराल तितके दिवस चांगल्या हत्यारानं करा. नवा आना आणि मोकळे व्हा. माह्या डोक्याचा पार भुगा झाला ऐकून ऐकून."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि मला पहिल्यांदा त्या शब्दांनी हायसं वाटलं.

तुमसरच्या काकांना भाऊंनी स्वतः फोन करून माफी मागितली. अल्बम परत आणणाऱ्या गृहस्थांकडेही ते एकटे गेले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही नागपूरला जाऊन मिररलेस घेतला. विकणाऱ्या मुलानं आम्हाला दारातच ओळखलं आणि आत निघून गेला. दुसऱ्यानं दिला.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटत असेल तर ते हेमराजभाऊंना न ओळखणाऱ्याला वाटेल. ते डाव्या डोळ्यानं पाहायला लागले. डावा डोळा लावला की नाक मागच्या पडद्यावर टेकायचं, आणि पडदा बोटानं चालणारा. नाकाचा धक्का लागला की कॅमेऱ्याला वाटायचं यांनी नेमाची जागा बदलली. नवरीचा चेहरा सोडून तो मागच्या पंख्यावर नेम धरायचा. पहिल्या लग्नात पंखे फार सुंदर आले. तो स्पर्श बंद करता येतो हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मंग बोटानं चालवाचा झाला त?" दोन आठवडे यावर विचार करून त्यांनी तो बंद केला. आवाजाचं असं केलं की बटण दाबताना स्वतःच तोंडानं "हं, झालं" म्हणायचे. लोक सुटायचे, आणि ते दुसरा फोटो घ्यायचे. ग्रुप फोटोला कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून ते आधी ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात, प्रत्येकासमोर थांबत. त्यानं आणखी वेळ लागायला लागला. मुलाकडचे घड्याळ दाखवायचे ते आता मला दाखवायचे, आणि मी त्यांना सांगायचो की थांबा.

तीन हंगाम आम्ही असे केले. मग माझ्या बायकोची बदली गडचिरोलीकडे झाली, ती दवाखान्यात नर्स आहे, आणि आम्ही बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. सामान पुढे गेलं होतं. सकाळी साडेदहाची बस होती. बायको-मुलं थांब्यावर बसली होती आणि मी पाच मिनिटांत येतो सांगून स्टुडिओत गेलो.

भाऊ एकटेच होते. मी वाकून नमस्कार केला, तर ते म्हणाले, "बस तिथं." पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्यासमोरचं स्टूल.

"भाऊ, बस निघेल माझी."

"बस न. एवढे वर्ष झाले, तुहा एक फोटो नाही माह्याजवळ. जिथं तिथं तू कॅमेऱ्याच्या मांगं."

मी बसलो. त्यांनी दिवा लावला, विझवला, दार उघडून बाहेरचा उजेड आत घेतला. माझी कॉलर नीट केली. हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा जरा डावीकडे फिरवला, मग होता तसा केला. तिकाटण्यामागे गेले. बाहेर बसचा हॉर्न वाजला, आमचीच की दुसरी ते कळेना. मोबाइल थरथरायला लागला. मी श्वास धरून बसलेलो आणि ते "झालं" काही म्हणेनात. शेवटी मी नजर वळवून पाहिलं. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावलेलाच नव्हता. तिकाटण्याच्या बाजूला उभे राहून ते नुसते माझ्याकडे बघत होते, मान जरा उजवीकडे वळवून, डाव्या डोळ्यासमोर मी यावा अशी.

"भाऊ, काढता का? उशीर होऊन राहिला," मी म्हणालो.

"थांब न," ते म्हणाले. "पाहून राहिलो."

मी खिशातला मोबाइल बंद केला आणि बसून राहिलो.